रेघेला वाचा फुटते तेव्हा

पुण्याहून कोणी पाहुणा आला की त्याच्या सामानात फराळाच्या डब्याभोवती गुंडाळलेले वर्तमानपत्र असे. डबा स्वयंपाकघरात जाई आणि आमच्या घरातील मुले तो कागद जमिनीवर पसरून त्यात 'चिंटू' शोधीत. शाळेत गुजराती किंवा इंग्रजी शिकणाऱ्या आणि मराठी केवळ कानांनी जाणणाऱ्या ह्या मुलांना शिरोरेषेखालची अक्षरे सलग वाचण्याची सवय आम्ही लावू शकलो नाही. ती चिंटूने लावली. म्हणून चित्रकथांवरून निघालेल्या उत्तम चित्रपटांचा विचार करताना आम्ही त्याच कागदापासून आरंभ करतो. रसिकतेच्या प्रश्नाला आमच्यापुरता भाषेचाही एक पदर आहे.

शब्दांतून जन्मलेले पात्र पडद्यावर येते तेव्हा त्याला चेहरा मिळतो. बडोदे कॉलेजात पाली शिकविणाऱ्या चिं. वि. जोशी यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी घडविली, तेव्हा प्रत्येक वाचकाने आपापला चिमणराव मनात रंगविला होता. पुढे मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी तो साकारला आणि अनेकांच्या मनातील चेहरे पुसले जाऊन तेथे एकच चेहरा उरला. चित्रकथेची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे चेहरा चित्रकाराने आधीच दिलेला असतो; वाचक आपल्या पदरचे घालतो ते आवाज आणि काळ. एका चौकटीत मुलगा चेंडू टोलवतो, पुढच्या चौकटीत शेजारच्या काकू दारात उभ्या असतात. मधल्या कोऱ्या पट्टीत काच फुटल्याचा आवाज वाचकाने ऐकायचा असतो. चित्रपट ती कोरी पट्टी भरून काढतो. ती कशाने भरली आणि कितपत भरली, यावर रूपांतराची परीक्षा व्हावी असे आम्हांस वाटते.

स्थिर चित्राला चालते करण्याची ही खटपट आपल्या गावाला परकी नाही. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके येथील कलाभवनात शिकले. राजा रविवर्मा यांनी बडोद्याच्या दरबारासाठी पौराणिक चित्रे रंगविली आणि पुढे त्यांच्या छापखान्यातून निघालेल्या तसबिरी घरोघरी लागल्या. त्या छापखान्यासाठी फाळक्यांनी कामही केले होते. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला, त्यातील पात्रांच्या पेहरावावर आणि उभे राहण्याच्या ढबीवर त्या तसबिरींची छाया दिसते. भिंतीवर हात जोडून पाहिलेले चित्र हलू लागले, हे त्या काळच्या प्रेक्षकांना वाटलेले नवल त्यात होते. चित्रकथेवरील चित्रपट याच कुळातला.

पाश्चात्त्य चित्रपटांपैकी रिचर्ड डोनर यांचा 1978 सालचा 'सुपरमॅन' आम्हांस आजही ताजा वाटतो. 1938 साली अमेरिकेत छापून आलेल्या ह्या नायकाची मोठी अडचण अशी की केवळ चष्मा लावल्याने त्याला कोणी ओळखत नाही. कागदावर हे खपून जाते, कारण तेथे चष्मा ही एक रेघ असते. पडद्यावर ते हास्यास्पद व्हावे. पण ख्रिस्तोफर रीव्ह यांनी खांदे पाडून, आवाज चिरका करून, चालण्यात एक अवघडलेपण आणून तोच देह दोन माणसांचा केला. चित्रकाराने जे वाचकांच्या सौजन्यावर सोडले होते, ते नटाने कमावून दाखविले.

याच्या उलट उदाहरण स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या 2011 सालच्या 'टिनटिन'चे. त्यातील धावपळ अप्रतिम आहे, कॅमेरा क्षणभर टेकत नाही. परंतु एर्जे यांनी टिनटिनचे डोळे केवळ दोन ठिपक्यांनी काढले होते. त्या ठिपक्यांत जगातल्या कोणत्याही मुलाला आपले डोळे बसविता येत. चित्रपटाने तेथे बुबुळे आणि पापण्या दिल्या, त्वचेला पोत दिला, आणि आमच्यासाठी असलेली जागा बुजवून टाकली.

आमच्या मते या साऱ्यांत वरचढ ठरतो 2007 सालचा 'पर्सेपोलिस'. इराणमधील आपल्या बालपणाची कथा मार्जान सत्रापी यांनी काळ्या-पांढऱ्या चित्रांत सांगितली होती आणि व्हँसाँ पारोनो यांच्यासह चित्रपटही स्वतःच दिग्दर्शित केला. त्यांनी जिवंत नट उभे केले नाहीत. तीच रेखाटने हलती केली आणि भूतकाळ जवळजवळ संपूर्ण काळ्या-पांढऱ्यातच ठेवला. देश सोडून गेलेल्या मुलीला आपली आजी कशी आठवते, हे त्या काळ्या शाईत उमटते. स्थलांतरित घराण्यांत वाढलेल्या वाचकांनी तो अवश्य पाहावा.

आपल्याकडील यशस्वी प्रयोग थिएटरात झाला नाही, तो दूरदर्शनवर झाला. 1988 साली कुंदन शहा यांनी आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रांवरून 'वागळे की दुनिया' केली. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस व्यंगचित्रात बोलत नाही. तो पाहतो, आणि त्याचे पाहणे हीच टीका असते. त्यालाच बोलता केले असते तर सारे फसले असते. मालिकेने त्याचे मौन त्याच्याकडेच राहू दिले आणि वागळे नावाचा एक मध्यमवर्गीय गृहस्थ पुढे केला. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांच्या संसारात मोठे काही घडत नाही, आणि लहानसहान अडचणींतून सामान्य माणसाची तीच नजर आपल्याकडे पाहत राहते. मूळ कलाकृतीतील काय हलवायचे नाही, हे ओळखण्यातही रूपांतरकाराची दृष्टी दिसते.

आता चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी 1991 साली 'सकाळ'मध्ये आणलेला हा मुलगा 2012 साली श्रीरंग गोडबोले यांच्या दिग्दर्शनाखाली पडद्यावर आला. सुबोध भावे आणि विभावरी देशपांडे हे पप्पा-मम्मी झाले. मुलांची निवड नेमकी आहे, त्यांचे आपसांतील बोलणे खरे आहे, आणि पप्पू, मिनी, बगळ्या यांना आवाज मिळाल्याचा आनंद आमच्या घरातही झाला. तरीही चित्रपट आमच्या मनात अर्धाच उतरला. तीन-चार चौकटींत संपणारी गंमत दोन तास चालवायची म्हणजे कथानक हवे, म्हणून खेळाचे मैदान जाते, एक दांडगा दादा आडवा येतो आणि मुले लढतात. ज्या कारेलीबागेत सोसायटीच्या पटांगणात आता मोटारी उभ्या असतात, तेथे ही व्यथा कोणाला परकी वाटणार? पण मूळ चिंटूला खलनायक लागत नव्हता. गृहपाठ, पावसाळा आणि आईचा एक कटाक्ष एवढे त्याला पुरत असे. 2013 सालच्या दुसऱ्या भागात तर मुले खजिन्याच्या शोधात निघाली. खजिना शोधणारी मुले पुष्कळ आहेत. भाजीवरून कुरकुरणारा चिंटू एकच होता.

हा दोष दाखविताना आमचा स्वार्थही कबूल केला पाहिजे. चित्रपट लागला तेव्हा आमची नातवंडे खळखळून हसली. संवाद त्यांना सारे समजले. नंतर आम्ही चिंटूचे पुस्तक त्यांच्यापुढे ठेवले, तेव्हा धाकट्याने दोन पाने उलटली, चित्रे पाहिली आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही वाचून दाखवा ना." पूर्वी जो आवाज मुले स्वतः अक्षरांतून काढीत, तो आता पडद्यावरून आयता मिळाला होता. यात चित्रपटाचा अपराध नाही. पण चौकटींमधली ती कोरी पट्टी आम्हां वसाहतीतील मराठी घरांसाठी वाचनाची शाळा होती, हे तिच्या जाण्याने आम्हांस उमगले.

त्या दिवशी आम्ही वाचून दाखविले, मात्र दर वेळी शेवटची चौकट हाताने झाकून ठेवली. शेवटी काय झाले ते ज्याचे त्याने वाचायचे, असा करार झाला. पहिल्या चौकटीला पाच मिनिटे लागली, पण 'छत्री' हा शब्द धाकट्याने स्वतः सोडविला. चित्रपट अवश्य पाहावेत, चांगले असतील तर पुन्हा पाहावेत. पण घरातील एक चौकट झाकून ठेवायला विसरू नये, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.