‘स्मृतिचित्रे’तील बाप्तिस्म्याआधीचे घर

माणिकगडाच्या डोंगररांगांतील जिवतीचा परिसर हा एका धर्माचा, एका बोलीचा मुलूख नव्हे. गोंड, कोलाम, बंजारा, मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेली कुटुंबे आणि त्यांच्यात विखुरलेली ख्रिस्ती घरे अशी येथील वस्ती. नाताळ आणि जंगुबाईची पौषातील यात्रा येथे पाठोपाठ येतात. अशा ठिकाणी भिन्न धर्माच्या माणसाबरोबर राहणे हा परिसंवादाचा विषय नसतो; पाणी, स्वयंपाक, लग्नकार्य आणि मुलांची नावे यांचा तो रोजचा प्रश्न असतो. हा प्रश्न मनात ठेवून लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचले, तेव्हा आपण ख्रिस्ती वाचकांनी हे पुस्तक आजवर काहीसे घाईने वाचले आहे, असे वाटू लागले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० साली. आपले वाचन पहिल्या प्रसंगावरून थेट दुसऱ्यावर जाते. पती प्रभूकडे आला, पत्नी उशिरा का होईना त्याच्या मागोमाग आली, आणि कथेचा शेवट गोड झाला, असे समाधान आपण मानतो. टिळक दांपत्य कॅथलिक नव्हते, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत होते, हे सांगून कोणी या पुस्तकाकडे दुरूनही पाहतात. या दोन्ही दृष्टींतून एक गोष्ट निसटते. ‘स्मृतिचित्रे’चा कस त्या दोन बाप्तिस्म्यांच्या मधल्या काळात आहे.

पुस्तकाचा आरंभच त्याची साक्ष देतो. लक्ष्मीबाई प्रथम सांगतात ती आपल्या वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याची हकीकत. त्या सोवळ्याने घरातील माणसांना किती जाचले, हे त्या हसत हसत सांगतात. पण ते हसणे वरवरचे नाही. पुढे पती ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्यापुढे जी भिंत उभी राहते, ती याच विटांची. त्यांचे भांडण येशू ख्रिस्ताशी फारसे नव्हतेच. अडत होते ते पाण्याशी आणि भांड्यांशी.

या भिंतीला टिळकांनीही हातभार लावला, हे आपण मान्य केले पाहिजे. त्यांनी आपल्या श्रद्धेशी इमान राखले. परंतु ते पाऊल पत्नीला विश्वासात घेऊन टाकलेले नव्हते. त्याचा आघात लक्ष्मीबाई लपवत नाहीत. त्यानंतरची वर्षे त्यांनी दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने, बराच काळ पंढरपुरात, काढली. विशेष हे की, हे सारे लिहिताना त्यांच्या ख्रिस्ती जीवनाला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. आपल्याला सांभाळणाऱ्या हिंदू आप्तांना अंधारातील माणसे म्हणून रंगवणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. त्या आप्तांचा राग, लाज आणि माया या तिन्ही गोष्टींना पुस्तकात जागा आहे. नव्या श्रद्धेने जुन्या माणसांवर अन्याय करू नये, हा त्यांच्या लेखनाचा सर्वांत मोठा नैतिक गुण होय.

टिळकांचाही एक गुण येथे नोंदवला पाहिजे. धर्मांतरामुळे जोडीदार दुरावला, तर विवाह रद्द करून घेण्याची वाट १८६६च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला खुली केली होती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. जोडीदार विश्वासी नसला तरी तो एकत्र राहण्यास राजी असेल तर त्याला सोडू नये, हा संत पौलाने करिंथकरांस दिलेला उपदेश आहे. टिळकांनी तो राजी होण्याची वाटही पाहिली.

लक्ष्मीबाई परतल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे, संसार करण्यासाठी. अहमदनगरला त्यांचे सोवळे, त्यांचे पाणी आणि त्यांचा स्वयंपाक सांभाळला गेला. टिळकांनी या व्यवस्थेला कमी लेखले नाही, म्हणूनच ती एके दिवशी अनावश्यक ठरू शकली. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, हे लक्ष्मीबाईंना उमगले ते कोणाच्या प्रवचनाने नव्हे, तर एकट्याच विचार करीत बसल्या असताना. मन बदलायला जागा लागते, आणि ती जागा त्या घराने त्यांना दिली होती.

पुस्तकात एक उणीवही जाणवते. पाण्याची अडचण कशी सुटली हे लक्ष्मीबाई सविस्तर सांगतात. प्रार्थना कशी बदलली याविषयी मात्र थोडक्यात आटोपतात. त्यांची विनोदी शैली कधी कधी अंतर्मनाच्या दारापाशीच थांबते. श्रद्धेचा आतला प्रवास शोधणाऱ्या वाचकाला येथे अतृप्ती वाटेल. तथापि, न कळलेले भाविक शब्द वापरण्यापेक्षा हे मौन प्रामाणिक आहे.

आपल्या घरांना या पुस्तकाचा उपयोग काय? १९७० साली पोप पौल सहावे यांनी मिश्र विवाहांविषयीचे नियम नव्याने घालून दिले. पुढे १९८३ची लॅटिन विधिसंहिता आणि सिरो-मलबार रीतीच्या चांदा धर्मप्रांताला लागू असलेली १९९०ची पौर्वात्य संहिता, या दोहोंनी त्यांचे सार कायम ठेवले. कॅथलिक पक्षाने आपली श्रद्धा जपावी आणि मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी शक्य तेवढा प्रयत्न करण्याचे वचन द्यावे, एवढे आपण लक्षात ठेवतो. त्या वचनाची कल्पना दुसऱ्या पक्षाला वेळीच द्यावी, ही त्याच नियमातील अट मात्र विसरतो. १८९५ साली टिळकांच्या घरात नेमके हेच राहून गेले होते, आणि त्याची किंमत एका स्त्रीने आणि एका लहान मुलाने काही वर्षे मोजली.

म्हणून विवाहाच्या तयारीसाठी येणाऱ्या तरुण-तरुणींच्या हाती, विशेषतः ज्यांचा जोडीदार दुसऱ्या धर्माचा आहे त्यांच्या हाती, हे पुस्तक द्यावे. ते देताना शेवटी बाप्तिस्मा आहे असे सांगून देऊ नये. एका माणसाने दुसऱ्याच्या पाण्याच्या भांड्याचा मान राखला तर घर टिकते, हे त्यात दिसते. आणि हे दिसणे आपल्यासारख्या मिश्र वस्तीत राहणाऱ्यांना अधिक गरजेचे आहे.