भरड कंठ आणि निर्मळ कंठ : हेवी मेटल गायनातील अभिरुचिभेद

हेवी मेटल या पाश्चात्त्य संगीतप्रकाराविषयी आपल्याकडील सुशिक्षित श्रोत्यांचा एक आक्षेप ठरलेला आहे. गाणारा काय म्हणतो ते कळत नाही, सबब ते गायनच नव्हे, असा तो आक्षेप होय. भंडारा जिल्ह्यातील नाकाडोंगरी येथे या संगीताचे जे थोडे तरुण श्रोते प्रस्तुत लेखकास भेटले, त्यांच्यातही हाच वाद निराळ्या रूपाने चालतो. एक पक्ष आयर्न मेडनच्या ब्रूस डिकिन्सनचा उंच, मोकळा आवाज तेवढा मानतो. दुसऱ्यास डेथ मेटलमधील गुरगुर नसेल तर गाणे अळणी वाटते. या मतभेदाचे मूळ शब्दांच्या आकलनात आहे, असे उभय पक्ष समजतात. आमच्या मते ते अन्यत्र आहे.

प्रथम उच्चारणाची बाजू पाहू. ब्लॅक सॅबथच्या १९७० मधील पहिल्या ध्वनिमुद्रिकेत गायकाचे स्वरतंतू नेहमीप्रमाणेच कंप पावतात. डेथ या अमेरिकन वृंदाच्या १९८७ मधील पहिल्या ध्वनिमुद्रिकेपर्यंत येता येता ही स्थिती पालटलेली दिसते. भरड आवाजात खऱ्या स्वरतंतूंच्या वर असणाऱ्या मिथ्या स्वरतंतूंचाही उपयोग होतो. कंपन अनियमित होते आणि सुराची उंची जवळजवळ नाहीशी होते. परंतु जीभ, ओठ आणि जबडा मोकळेच असतात. त्यामुळे मुखपोकळीचे अनुनाद टिकतात, आणि आ, ई, ऊ हे स्वर सरावलेल्या कानास वेगळे ओळखू येतात. हरवतो तो सूर; शब्द पुष्कळसा शिल्लक राहतो. ब्लॅक मेटलमधील चिरका आवाज उंच पट्टीत असला तरी त्याचीही गोष्ट फारशी निराळी नाही.

शब्द न कळणे हाच दोष मानावयाचा, तर तराण्याचे काय करावयाचे? तेथे अर्थवाही शब्द जवळजवळ नसतातच. द्रुत तानेत बंदिशीचे बोल विरघळून जातात आणि रसिक मान डोलावतो. तेव्हा आक्षेप शब्दाचा नसून आवाजाच्या जातीचा आहे. तिबेटी ग्यूतो मठातील भिक्षूंचा खोल मंत्रघोष आणि तुवा प्रदेशातील कंठगायन यांतही मिथ्या स्वरतंतू कामास येतात. त्यांना मात्र आपण भक्तीने अगर कुतूहलाने ऐकतो.

झाडीपट्टीतील खडी गंमत रात्रभर चालते. तेथे कवनाचा आवाज उंच आणि खडा लागतो, कारण शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवावयाचा असतो. पौराणिक खेळात भरड आवाज येतो तो राक्षसाच्या तोंडी. म्हणजे हा आवाज आपल्या श्रोत्यास अपरिचित नाही. त्याची जागा ठरलेली आहे. तो पात्राचा आवाज आहे, निवेदकाचा नव्हे. ज्याने हा संकेत लहानपणापासून पचविला, त्यास संपूर्ण गीत भरड आवाजात ऐकताना राक्षसाने सूत्रधाराची जागा बळकाविल्यासारखे वाटावे, यात नवल नाही.

या दृष्टीने मुंबईच्या डिमॉनिक रेझरेक्शन या वृंदाची २०१७ मधील ‘दशावतार’ ही ध्वनिमुद्रिका विशेष विचारार्ह आहे. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांवर दहा इंग्रजी गीते, आणि साहिल मखिजा या एकाच गायकाचे भरड व निर्मळ असे दोन्ही आवाज, अशी तिची रचना आहे. भरड आवाज येथे असुरांपुरता राखून ठेवलेला नाही, हे धाडस आम्हांस मोलाचे वाटते. देवकथेचे निवेदनच त्या आवाजाकडे सोपविल्यामुळे वर सांगितलेला संकेत मुळापासून हलतो. मात्र दोन आवाजांतील पालट पुष्कळदा पद आणि पालुपद यांच्या बांधणीवरून ठरतो, अवताराच्या स्वभावावरून नव्हे. नरसिंह आणि बुद्ध यांच्या कंठांत जे अंतर ऐकू यावयास हवे होते, ते वाद्यांकडे ढकलले गेले आहे. निर्मळ आवाजाच्या जागा तर आमच्या कानास काहीशा भिडस्त वाटल्या. जणू नाराज श्रोत्याची समजूत घालण्यासाठी त्या आल्या आहेत.

शब्द इंग्रजी असल्याने एका अडचणीतून हा वृंद सुटला आहे. मराठीत बार–भार, दार–धार या जोड्यांतील भेद केवळ श्वासाच्या जोराचा नाही. भ, ध, घ उच्चारताना स्वरतंतू सैल होऊन आवाजच हवेशीर होतो. म, न यांपासून म्ह, न्ह वेगळे पडतात तेही याच कारणाने. भरड आवाजात स्वरयंत्र आधीच दुसऱ्या कामात गुंतलेले असते. तेव्हा स्वर टिकतील, पण हा भेद पुसट होईल, असे अनुमान करावयास हरकत नाही. ‘म्हातारा’ हा शब्द अशा आवाजात ‘मातारा’ असाच ऐकू येण्याचा संभव अधिक. मराठी पद या कंठासाठी रचणाऱ्या कवीस अशा जोड्यांची अक्षरे अर्थाच्या मोक्याच्या जागी टाळावी लागतील, आणि चरणाच्या अखेरीस आ, ओ असे उघडे दीर्घ स्वर ठेवावे लागतील.