लातूर-नांदेडकडील परंपरानिष्ठ स्त्रीराजकारण आणि स्त्रीवाद : एक परीक्षण

इतिहासांत जेत्यांचीं नांवें राहतात व पराभूतांचीं पुसलीं जातात, असा सामान्य समज आहे. लातूर लोकसभा मतदारसंघाच्या २००४ सालच्या निवडणुकीनें तो उलटा ठरविला. १९८० पासून सात वेळां लागोपाठ निवडून आलेले शिवराज पाटील चाकूरकर त्या वर्षीं पराभूत झाले, व तरीहि केंद्रीय गृहमंत्री झाले. ही गोष्ट जेथें तेथें सांगितली जाते. त्यांचा पराभव करणाऱ्या, भारतीय जनता पक्षाच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांचें नांव मात्र बहुधा पोटवाक्यांत येतें, किंवा माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या स्नुषा, एवढ्या ओळखीवर संपतें. ३० हजारांहून अधिक मतांनीं विजय कोणी मिळविला यापेक्षां पराजय कोणाचा झाला, हेंच लोकांच्या स्मरणांत राहिलें.

त्या निवडणुकीची हकीकत सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. परंपरेचा कैवार घेणाऱ्या पक्षांत किंवा संस्थेंत राहून सार्वजनिक कार्य करणाऱ्या स्त्रीचा इतिहास कसा लिहावा, हा प्रश्न त्या निमित्तानें उपस्थित होतो व त्याचा विचार येथें करावयाचा आहे. या विषयावर सामान्यतः दोन मतें आढळतात. पहिल्या मतानें अशी स्त्री म्हणजे कळसूत्री बाहुली होय. सूत्र पुरुषांच्या हातीं असतें, ती केवळ हालते. दुसऱ्या मतानें स्त्रीनें मिळविलेली प्रत्येक जागा हा स्त्रीजातीचा विजयच होय. पक्ष कोणता, विचार कोणता, हें पाहण्याचें कारण नाहीं. आमच्या मतें हीं दोन्ही मतें अपुरीं आहेत, आणि त्यांच्या अपुरेपणाचा पुरावा लातूर व नांदेड या दोन जिल्ह्यांतच मिळतो.

पहिलें मत टिकत नाहीं, हें जगाच्या इतिहासावरून पूर्वींच सिद्ध झालें आहे. १९०८ सालीं इंग्लंडांत स्त्रियांच्या मताधिकारास विरोध करण्यासाठीं स्त्रियांचाच एक संघ स्थापन झाला. अमेरिकेंत १९७२ पासून स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीविरुद्ध फिलिस श्लाफ्ली यांनीं गृहिणींची मोठी चळवळ उभारली. १९८२ सालीं ती दुरुस्ती मुदत संपून बारगळली. गृहिणीपदाची महती गाणाऱ्या या बाईंनीं १९५२ सालीं स्वतः अमेरिकन काँग्रेसची निवडणूक लढविली होती. आपल्याकडे १९८७ सालीं राजस्थानांत देवराळा येथें सतीचा प्रकार घडला, तेव्हां त्याच्या समर्थनार्थ स्त्रिया रस्त्यावर आल्या. जागृत झालेली स्त्री आपोआप आपल्या मुक्तीच्या बाजूस वळेल, हा भरंवसा त्या दिवसांपासून ढळला. तनिका सरकार व उर्वशी बुटालिया यांनीं १९९५ सालीं संपादिलेला हिंदुत्ववादी स्त्रियांविषयींचा लेखसंग्रह या धक्क्यांतूनच निघाला. पुढें पाओला बाकेट्टा यांनीं राष्ट्रीय स्वयंसेवक संघ व राष्ट्र सेविका समिति यांच्या विचारांतील अंतरें दाखविलीं, व अत्रेयी सेन यांनीं मुंबईच्या झोंपडवस्त्यांतील शिवसेनेच्या स्त्रियांचा अभ्यास २००७ सालीं प्रसिद्ध केला. या अभ्यासकांनीं बाहुलीची कल्पना मोडून काढली, हें त्यांचें श्रेय होय. परंतु महानगरांतील वस्ती, शाखा व मोर्चे यांवरून बसविलेले आडाखे मराठवाड्याच्या तालुक्यास जसेच्या तसे लावतां येत नाहींत. येथें राजकारणाचा मूळ घटक वाडा व घराणें हा आहे.

महाराष्ट्रापुरतें पाहतां हा विषय नवा नाहीं. १८८२ सालीं ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून घराच्या नियमांवरच बोट ठेवलें. त्यांच्या मागून आलेल्या रमाबाई रानडे यांनीं तो मार्ग धरिला नाहीं. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणी पतिनिष्ठेच्या भाषेंत लिहिलेल्या आहेत. पण त्याच रमाबाई १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनाचा भार वाहत होत्या, आणि १९२० सालीं पुण्यांत मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा वाद माजला तेव्हां त्या मागणीच्या बाजूनें स्त्रियांस एकत्र आणण्यांत पुढें होत्या. भाषा जुनी व कृति नवी, असें हें मिश्रण आहे. त्यामुळें भाषेवरून कृतीचा निवाडा करणारा टीकाकार येथें फसतो.

१९३६ सालच्या विजयादशमीस वर्धा येथें लक्ष्मीबाई केळकर यांनीं राष्ट्र सेविका समिति स्थापिली, ती याच मिश्रणाची पुढील पायरी होय. लक्ष्मीबाई विधवा होत्या. मुलगे संघाच्या शाखेंत जात. तसें शिक्षण स्त्रियांस कां नसावें, हा त्यांचा प्रश्न होता. डॉ. हेडगेवार यांच्याशीं विचारविनिमय होऊन जी संस्था निघाली ती संघाची शाखा न होतां स्वतंत्र राहिली. तिच्यापुढें आदर्श ठेवले ते तीन : जिजाबाईंचें मातृत्व, अहल्याबाईंचें कर्तृत्व व झांशीच्या लक्ष्मीबाईंचें नेतृत्व. या तिघींची निवड विचार करण्यासारखी आहे. अहल्याबाई व लक्ष्मीबाई यांनीं वैधव्यांतच राज्य चालविलें, आणि जिजाबाईंनीं पुण्याची व्यवस्था पाहिली ती शहाजी राजे दूर कर्नाटकांत असतां. मातृत्वाचा गौरव करणाऱ्या संस्थेनें निवडलेल्या तिघींपैकीं एकीचेंहि मोठेपण पतीच्या छायेंत घडलेलें नाहीं.

मराठवाड्याचा पूर्वेतिहास याहून निराळा पडतो. समिति निघाली तेव्हां नांदेड जिल्हा व आजचा लातूर जिल्हा हे दोन्ही प्रदेश निजामाच्या राज्यांत होते. या भागांत, विशेषतः उदगीरच्या बाजूस, बन्सीलाल व श्यामलाल या बंधूंच्या कार्यामुळें आर्यसमाजाचा जोर होता; १९३९ सालीं त्या समाजानें निजामाविरुद्ध सत्याग्रह केला. मुलींचें शिक्षण व विधवांचा पुनर्विवाह यांस आर्यसमाजानें वेदांचाच आधार दिला. म्हणजे सुधारणा परंपरेच्या दारांतूनच आंत आली. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी सत्ता संपली, आणि १९५२ सालीं येथील स्त्रीनें प्रथमच प्रौढ मताधिकारानें मत दिलें. ब्रिटिश मुलुखांत हा हक्क हप्त्याहप्त्यानें, भांडून मिळाला. येथें तो एकदम, मुक्तीच्या पाठोपाठ आला. या भेदाचा परिणाम पुढील राजकारणावर झाला असावा. हक्क हातीं आला तेव्हां त्याचा अर्थ सांगणाऱ्या स्त्रीसंस्था तालुक्यांत फारशा उभ्या नव्हत्या. ती रिकामी जागा घराण्यांनीं भरून काढली, असें आमचें अनुमान आहे.

आतां पुन्हां लातूरकडे वळूं. २००४ सालच्या विजयी उमेदवारास ‘निलंगेकरांची सून’ म्हणतां एक गोष्ट झांकली जाते. शिवाजीराव काँग्रेसचे होते. सुनेनें निवडणूक लढविली ती सासऱ्याच्या पक्षाविरुद्ध. त्याच वर्षीं निलंगा विधानसभा मतदारसंघांत तिचा पुत्र संभाजी यानें प्रत्यक्ष आजोबांचा पराभव केला. म्हणजे ज्या घराच्या नांवानें ती ओळखली गेली, त्या घराच्या राजकीय निष्ठेशीं तिनें फारकत घेतली होती. बाहुलीचें मत येथें लंगडें पडतें. परंतु उलट बाजूनें, घराण्याचें नांव पाठीशीं नसतें तर ती उमेदवारी मिळाली असती काय, हा प्रश्नहि टाळतां येत नाहीं. २००९ पासून हा मतदारसंघ अनुसूचित जातींकरितां राखीव झाला, व ती मालिका तेथेंच थांबली. पुढें २०२४ सालीं लातूर शहर विधानसभा मतदारसंघांत भाजपतर्फे उभ्या राहिल्या त्या अर्चना पाटील चाकूरकर, म्हणजे शिवराज पाटलांच्या स्नुषा. त्यांचा काँग्रेसचे अमित देशमुख यांनीं पराभव केला. वीस वर्षांत पक्षांची मांडणी बदलली, पण स्त्रीस उमेदवारीपर्यंत नेणारें दार तेंच राहिलें.

नांदेडचें उदाहरण हेंच सांगतें. भोकर मतदारसंघांतून २०१४ सालीं अमीता चव्हाण काँग्रेसतर्फे निवडून आल्या. २०२४ सालीं त्यांच्या कन्या श्रीजया चव्हाण भाजपतर्फे. घर एक, मतदारसंघ एक, पक्ष दोन. १९९१ सालीं नांदेडहून लोकसभेवर गेलेल्या हदगांवच्या सूर्यकांता पाटील यांचा प्रवास काँग्रेस, राष्ट्रवादी काँग्रेस, २०१४ सालीं भाजप व २०२४ सालीं पुन्हां राष्ट्रवादीचा शरद पवार गट, असा झाला. पक्षाच्या नांवावरून एखाद्या स्त्रीस ‘परंपरावादी’ व दुसरीस ‘पुरोगामी’ ठरविणें किती धोक्याचें आहे, हें यावरून दिसेल.

येथें एक विलक्षण उलटापालट लक्षांत येते. समता सांगणाऱ्या राज्यघटनेखालीं चालणारे पक्ष स्त्रीस पद देतात तें पुष्कळदां घराच्या नात्यानें. आणि घराचा महिमा सांगणारी समिति पद देते तें नात्याविना. लक्ष्मीबाई केळकरांनंतर सरस्वतीबाई आपटे, उषाताई चाटी, प्रमिलाताई मेढे व शांताकुमारी अशा प्रमुख संचालिका झाल्या; त्यांत कोणी कोणाची सून नव्हे कीं लेक नव्हे. अविवाहित राहून पूर्ण वेळ कार्य करणाऱ्या प्रचारिका ही संस्था बाळगते. गृहिणीधर्माचा उपदेश करणारी संस्थाच गृहाबाहेर संपूर्ण आयुष्य घालविण्याची वाट स्त्रीस देते, हें तिच्या टीकाकारांनीं मोकळेपणें मान्य केलें पाहिजे.

मग या कार्यास स्त्रीवाद म्हणावें काय? आमचें उत्तर नकारार्थी आहे, व त्याचीं कारणें दोन. पहिलें असें कीं, समितीच्या विचारांत स्त्रीचें बळ राष्ट्राच्या सेवेकरितां आहे. तिच्या स्वतःच्या हक्काकरितां तें मागितलेलें नाहीं. विवाह, वारसा व जात यांविषयीं घराचा नियम अन्यायाचा असेल तर सेविकेनें काय करावें, या प्रश्नास कर्तव्याची भाषा उत्तर देत नाहीं. दुसरें असें कीं, ज्या हक्कांच्या बळावर परंपरानिष्ठ स्त्री आज राजकारण करते, ते बहुतेक दुसऱ्यांनीं मिळवून दिले आहेत. १९४९ च्या सुमारास हिंदु संहितेच्या विधेयकास हिंदुत्वनिष्ठ संस्थांनीं कसून विरोध केला; त्यांतूनच १९५५-५६ चे कायदे निघाले. महाराष्ट्रानें १९९४ सालीं मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत जन्मतः वाटा दिला, तो केंद्रानें २००५ सालीं सर्व देशास लागू केला. ७३ व्या घटनादुरुस्तीनें पंचायतींत एकतृतीयांश जागा राखल्या, व २०११ सालीं महाराष्ट्रानें त्या निम्म्यावर नेल्या. फळ सर्वांनीं खावें हें योग्यच. पण झाड कोणी लाविलें, याची नोंद इतिहासानें ठेविली पाहिजे.

तथापि ऋण एकतर्फी नाहीं. स्त्रीवादी संस्था ज्या घरांपर्यंत पोंचूं शकल्या नाहींत, तेथील स्त्रीस घर न सोडतां बाहेर पडण्याची रीत परंपरानिष्ठ संस्थांनीं दाखविली. ही रीत त्यांचीच मिरासदारी मात्र नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनें गांवोगांवच्या महिला मंडळांस घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमांत सामील करून घेतलें. घर पडलें, म्हणून घराच्याच कामासाठीं बाई ग्रामसभेंत बोलूं लागली. तिला कोणी परंपरावादी म्हटलें नाहीं कीं स्त्रीवादी म्हटलें नाहीं. पण तिची जागा तिच्या कामानें ठरली.

यावरून परीक्षणाच्या तीन कसोट्या सुचवाव्याशा वाटतात. पद कोणत्या आधारानें मिळालें. तें कोणाच्या उपयोगी आलें. आणि त्या पदामुळें मागून येणाऱ्या, घराण्याचें पाठबळ नसलेल्या स्त्रीची वाट सोपी झाली काय? पहिल्या कसोटीवर समिति व किल्लारीचीं मंडळें उतरतात, आणि घराणीं उतरत नाहींत. दुसरीचें उत्तर कामाचे कागद पाहिल्याविना देतां येणार नाहीं. तिसरी सर्वांत कठीण आहे, आणि स्त्रीवादाचा खरा संबंध तिच्याशींच आहे.

तिचें उत्तर देण्यास लागणारीं साधनें विधानसभेच्या निकालपत्रकांत मिळणार नाहींत. तीं ग्रामपंचायतींच्या कार्यवृत्तांत, महिला मंडळांच्या वह्यांत, शाखांच्या नोंदींत, आर्यसमाजाच्या कन्याशाळांच्या दप्तरांत व वृद्ध स्त्रियांच्या आठवणींत आहेत. निजामी अमदानीचे फर्मान व सनदा आपण कसोशीनें जमविल्या. या वह्यांना मात्र अजून कोणी कागदपत्र मानलें नाहीं. १९५२ सालीं प्रथम मत देणाऱ्या स्त्रियांपैकीं आज हयात असलेल्या नव्वदी ओलांडून गेल्या आहेत. नांदेड व लातूर येथील अभ्यासकांनीं आधीं त्यांच्याकडे जावें, व निकालपत्रकें मागाहून पाहावींत.