काटकसरीचे देखणेपण आणि नव्या कपड्याचा हक्क

दलित साहित्याच्या सौंदर्याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. आपल्या धुळ्याच्या शरद पाटलांनी १९८८ साली ‘अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र’ लिहिले, १९९६ साली शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ आले. कलाकृती सुंदर कशाने ठरते आणि ते कोण ठरवते, हा प्रश्न आपण प्रस्थापित समीक्षेला निर्भीडपणे विचारला. परंतु माणूस स्वतः सुंदर केव्हा दिसतो, आणि तसे दिसण्याची मुभा त्याला कोण देतो, हा प्रश्न मात्र आपल्या समीक्षेने उंबऱ्याबाहेरच ठेवला. नट्टापट्टा हा बायकी विषय, विचारवंतांनी त्याकडे काय पाहायचे, अशी आपलीही समजूत आहे. ही समजूत मला मान्य नाही.

निमित्त आहे एका लेखनप्रकाराचे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि स्त्रियांच्या मासिकांतून वर्षानुवर्षे एकच लेख नव्या नव्या मथळ्याने येत असतो: थोडक्या पैशांत रोजच्या रोज आकर्षक कसे दिसावे. त्याला कोणी साहित्य म्हणणार नाही, त्याच्यावर परीक्षण लिहिणार नाही. पण नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर अशा गावांतून ज्या मुली कवितासंग्रह विकत घेत नाहीत त्या हा लेख वाचतात, कापून ठेवतात, एकमेकींना देतात. जे लेखन आपल्या मुलींच्या मनावर इतके काम करते त्याची समीक्षा आपण करायची नाही, तर कोणी करायची?

आधी त्याचा गुण सांगते, कारण गुण आहे. हे लेख सांगतात की पुष्कळ कपडे असण्यापेक्षा अंगाला बसणारे थोडे कपडे बरे. एकमेकांवर जुळतील असे दोन-तीन रंग निवडावेत. तयार कपडा शिंप्याकडून अंगासरसा करून घ्यावा. चपला-बूट पुसलेले असावेत, नखे कापलेली असावीत, इस्त्री मोडलेली नसावी. सणाला एक भडक साडी घेऊन ती पेटीत ठेवण्यापेक्षा रोज नेसता येतील अशा दोन घ्याव्यात. हा सल्ला शहाणपणाचा आहे. लग्नकार्यात ऐपतीबाहेर खर्च करून वर्षभर व्याज भरणाऱ्या घरांनी तो ऐकावा असाच आहे.

फक्त हे शहाणपण नवे नाही. शिवणारा शिंपी, धुणारा परीट, चामडे कमावून जोडा करणारा चर्मकार, सूत काढणारे आणि विणणारे हात कोणाचे होते? या देशात देखणेपणाची सारी कारागिरी ज्यांनी केली त्यांना ती स्वतःच्या अंगावर मिरवण्याची परवानगी नव्हती. जोडा शिवणाऱ्यानेच गावातून जाताना तो काढून हातात घ्यायचा, हा आपल्या संस्कृतीचा सौंदर्यविचार! आणि जुन्यातून नवे करण्याचे म्हणाल तर ती विद्या आमच्या घरांतून कोणी मासिक वाचून शिकले नाही. लुगडे विरले की त्याचे परकर-पोलके, ते फाटले की दुपटे, आणि सगळ्याच्या शेवटी गोधडी. शहादा भागातले आदिवासी कवी वाहरू सोनवणे यांनी आपल्या संग्रहाचे नाव ‘गोधड’ ठेवले. तुकड्या-तुकड्यांनी जोडलेल्या त्या उबेत किती पिढ्यांची काटकसर शिवलेली असते, हे ते नावच सांगते.

माझी आई रोज संध्याकाळी माझा शाळेचा एकुलता एक झगा धुवायची आणि सकाळी तांब्यात निखारे घालून त्यावर इस्त्री फिरवायची. एकदा वर्गात एक शिक्षक माझ्याकडे बघून म्हणाले, “आज कोणाच्या लग्नाला निघाली स्वारी?” सगळा वर्ग हसला. मी घरी सांगितले तेव्हा आई एवढेच म्हणाली, “मळका असता तरी बोलला असता.” आईचे हे वाक्य मला त्या सगळ्या लेखांपेक्षा जास्त शिकवून गेले. मळके राहिले तर घाणेरडे, स्वच्छ राहिले तर शेफारलेले. कपड्याने यातून सुटका होत नसेल, तर अडचण कपड्याची नव्हेच.

आणि नेमके हेच या लेखांना दिसत नाही. देखणे दिसण्याच्या आड फक्त पैसा येतो, हे त्यांचे गृहीत आहे. म्हणून पैशाची युक्ती सांगितली की त्यांचे काम संपते. आमचा इतिहास हे गृहीत खोटे पाडतो. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले, १९८६ मध्ये पुस्तकरूपाने. त्यात महार बायकांच्या लुगड्याविषयी एक तपशील आहे. लुगड्याचा काठ दिसेल असे नेसण्याचा मान वरच्या जातींच्या बायकांचा. महार बाईने तो निऱ्यांत दडवून नेसायचे. आता विचार करा. लुगडे तेच, विणकर तोच, किंमत तीच. काठाचे पैसे दोघींनी मोजलेले. एकीचा काठ जगाने पाहायचा, दुसरीचा निऱ्यांत दडायचा. यात काटकसरीचा कोणता सल्ला उपयोगी पडणार होता? त्या बाईला हवी होती ती काठ बाहेर काढण्याची मुभा, आणि ती कोणत्याही बाजारात विकत मिळत नव्हती.

या मुभेची नाकेबंदी मनुस्मृतीने शब्दांत करून ठेवलेली आहे. दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी विधान आहे: वस्त्रे प्रेतावरची, भांडी फुटकी, दागिने लोखंडाचे. गरिबी आपोआप येते. ही मात्र नेमून दिलेली कुरूपता आहे. तो ग्रंथ महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जाळला गेला, हे आपण दरवर्षी सांगतो. त्याच परिषदेत २७ डिसेंबरला बाबासाहेब बायकांशी काय बोलले, हे मात्र कमी वेळा सांगतो. लुगडे वरच्या जातींच्या बायका नेसतात तसे नेसा, गळ्यातले-हातातले अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिन्यांचे ओझे उतरवा, स्वच्छ राहा, मुलींना शाळेत घाला, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. अनेक बायकांनी लगेच नेसण बदलले. ग्रंथ जळाला तेव्हा मनूचा कायदा कागदावरून गेला. लुगड्याचा काठ बाहेर आला तेव्हा तो अंगावरून गेला. माझ्या मते या दोन्ही घटना एकाच सत्याग्रहाच्या आहेत, आणि दुसरी पहिलीहून लहान नाही.

यावर एक आक्षेप विद्वान घेतात. म्हणतात, हे तर वरच्या जातींचे अनुकरण, एम. एन. श्रीनिवास यांनी ज्याला संस्कृतीकरण म्हटले तेच. हा आक्षेप वरवरचा आहे. संस्कृतीकरणात माणूस वरच्यांची व्रते, सोवळे, विधवेवरची बंधने असे सगळे अंगावर घेतो, कारण त्याला त्याच शिडीची वरची पायरी हवी असते. महाडच्या बायकांनी काठ घेतला आणि व्रते टाकली. दोन दिवस आधी शिडीलाच आग लावलेली होती. शिवाय हे एकट्या महाडचे नाही. त्रावणकोरमध्ये नाडर स्त्रियांनी छाती झाकण्याच्या हक्कासाठी कित्येक वर्षे मार खाल्ला, तेव्हा कुठे १८५९ साली राजाला जाहीरनामा काढावा लागला. त्याच मुलखात १९१५ साली अय्यंकाळींच्या हाकेवरून पुलया स्त्रियांनी जातीची खूण म्हणून गळ्यात घालाव्या लागणाऱ्या दगडी मण्यांच्या माळा तोडून टाकल्या. कुठे अंग झाकण्यासाठी लढा, कुठे माळ फेकण्यासाठी. वस्तू वेगळी, मागणी एकच: माझ्या अंगावर काय असावे हे मी ठरवीन.

गांधींनी १९२१ साली मदुराईत पंचा स्वीकारला आणि त्यागाची मूर्ती ठरले. बाबासाहेबांनी कोट-टाय सोडला नाही, म्हणून त्यांच्यावर साहेबीपणाची टीका झाली. ज्याच्या अंगावर कपडा पूर्वीपासून आहे त्याने तो उतरवला की त्याग होतो. ज्याचा कपडा पिढ्यान्‌पिढ्या हिसकावला गेला त्याने तो उतरवला तर जुनीच आज्ञा पाळल्यासारखे होते. साधेपणासुद्धा सर्वांना एका भावात मिळत नाही.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळते, कारण इथे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा मुख्यतः आदिवासींचा. होळीच्या आधी धडगाव-अक्कलकुवा भागात भोंगऱ्या बाजार भरतात. एका रंगाचे, एका कापडाचे कपडे घातलेल्या मुलींचे घोळके हातात हात घालून बाजारातून फिरतात, पायांत आणि गळ्यात चांदी. काठीच्या होळीत मोरपिसांचे टोप घातलेले, अंगावर राखेचे ठिपके काढलेले, कमरेला घुंगरू बांधलेले नर्तक पहाटेपर्यंत नाचतात. राख, मोरपीस, भोपळा: यापेक्षा कमी खर्चातले वैभव मला ठाऊक नाही. मग बाबासाहेबांचा दागिने उतरवण्याचा उपदेश या पावरा-भिल्ल बाईला जसाच्या तसा लागू करायचा काय? मुळीच नाही. महार बाईच्या अंगावरचे ते धातूचे ओझे लादलेली खूण होती. पावरा बाईची चांदी तिची हौस आहे, तिची बचत आहे, तिच्या नावाची बँक आहे. उसतोडीला गुजरातेत जाण्याआधी नड आली की हीच चांदी सावकाराकडे गहाण पडते. म्हणून दागिना कोणता हे पाहू नये. तो घालताना किंवा काढताना तिला कोणाची परवानगी लागते काय, एवढेच पाहावे.

आणि आता त्या लेखांची गंमत पाहा. स्वस्तात उठून दिसण्यासाठी ते शहरी वाचकाला ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिने सुचवतात आणि त्याला ‘ट्रायबल लूक’ म्हणतात. चांदीसारख्या दिसणाऱ्या हलक्या धातूचे आदिवासी घडणीचे हे दागिने घालून शहरातली बाई कार्यालयात गेली की तिच्या अभिरुचीचे कौतुक होते. इकडे एका वसतिगृहात आलेल्या पावरा मुलीला पहिल्याच दिवशी “हे सगळे काढून ठेव, इथे शिकायला आलीस” असे सांगितलेले मी स्वतः ऐकले आहे. नक्कल मिरवायची आणि अस्सल काढून ठेवायचे! त्या मुलीने दागिने ट्रंकेत ठेवले आणि दोन महिन्यांनी आठवडी बाजारातून गोरे करणाऱ्या मलमाची पुडी आणली. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली बाजारात आली. जगभर वर्णद्वेषाविरुद्ध आवाज उठल्यावर २०२० साली तिच्या नावातला ‘फेअर’ गेला आणि ‘ग्लो’ आला. नाव बदलले, पण त्या मुलीच्या मनात काळ्या कातडीविषयी पेरलेली लाज एका नामांतराने उपटून निघत नाही. काटकसरीच्या देखणेपणाचा सर्वांत महाग भाग हाच आहे: पुडी थोड्या पैशांत मिळते, लाज मात्र आयुष्यभर फेडावी लागते.

आपल्या चळवळीलाही दोन शब्द सुनावणे भाग आहे. निळ्या कोटातला, हातात ग्रंथ घेतलेला बाबासाहेबांचा पुतळा आपण चौकाचौकांत अभिमानाने उभारला. त्या कोटाची इस्त्री आपल्याला कधी चैन वाटली नाही. पण आपली एखादी कार्यकर्ती लिपस्टिक लावून सभेला आली की मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते. पुरुषाचा कोट स्वाभिमान आणि बाईचा शृंगार थिल्लरपणा, ही विभागणी आपण कोणत्या स्मृतीतून उचलली? आपल्या आत्मकथनांतही चिंध्या फार आल्या, आणि त्या यायलाच हव्या होत्या. परंतु पहिल्या पगाराची साडी, पहिला घड्याळाचा पट्टा, आरशात स्वतःकडे पाहून आलेले हसू यांची पाने थोडी आहेत. दुःखाची साक्ष देणाऱ्या साहित्याने आनंदाची साक्ष देण्यास लाजू नये.

कारण हा आनंद आजही धोक्याचा आहे. ३० मे २०२३ च्या सुमारास आमच्या शेजारच्या गुजरात राज्यात, बनासकांठा जिल्ह्यातल्या मोटा गावी, चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून एका दलित तरुणाला मारहाण झाली. आमच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. पैसा असेल त्याने घोडा न्यावा. पण त्याच घोड्यावर दलित नवरदेव बसला की देशाच्या कित्येक गावांत दगड उचलले जातात. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यास, सायकल वा मोटारसायकल चालवण्यास, लग्नात घोड्यावर बसण्यास अडवणे हा तिने गुन्हा ठरवला. ‘नवे कपडे’ हे दोन शब्द संसदेला कायद्यात लिहावे लागले. प्रजासत्ताकाच्या सहासष्ट वर्षांनंतर! देखणेपणावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे कलम एकदा वाचावे.

मी या लेखांवर बहिष्कार घाला असे म्हणत नाही. आमच्या मुलींनी ते जरूर वाचावेत, शिंप्याचा आणि इस्त्रीचा सल्ला घ्यावा, गोरेपणाचा सल्ला केरात टाकावा. माझी अपेक्षा आपल्या लेखकांकडून आहे. हा विषय त्यांनी पुरवण्यांवर सोडू नये. तालुक्याच्या गावी कपड्यांच्या दुकानात उभी राहून, पदरच्या पैशांचा हिशेब मनात करीत, तिला आवडलेला लाल रंग “तुम्हाला शोभणार नाही” असे ऐकूनही तोच बांधून द्यायला सांगणारी मुलगी आपल्या कथेत आली पाहिजे. तिने काठ बाहेर काढूनच नेसले आहे. तिच्याविषयी लिहायचे तेवढे राहिले आहे.