कौटिल्याचें नगर आणि अर्धें अवतरण

शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं अर्थशास्त्र म्हैसूर येथें छापून प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून त्याची स्तुति चाललीच आहे. सर्व मनुष्यांस व वृक्षपशूंस सामावून घेणाऱ्या नगररचनेचा तो आदर्श होय, असें अलीकडे लिहिलें जातें. यांतील निम्में आम्हांस मान्य आहे. दुर्गनिवेशांत दर दहा कुळांस एक विहीर सांगितली आहे. वृक्षदंड त्या प्रकरणांतील नव्हे, दंडपारुष्यांतील, हें स्तुतिकारांनीं ध्यानांत ठेवावें. परंतु तो फार बारकाईनें घातला आहे खरा. पुष्पें, फळें वा छाया देणाऱ्या नगरोपवनांतील वृक्षाचा कोंब खुडल्यास ६ पण, लहान फांदीस १२, जाड फांदीस २४, खोडास पूर्वसाहस, समूळ तोडल्यास मध्यमसाहस. सीमावृक्ष व चैत्यवृक्ष यांस दुप्पट. शिकवितांना या पायऱ्या आम्ही मुलांकडून पाठ करवून घेत असूं.

दुर्गनिवेशांतील एक वाक्य मात्र आम्हीहि घाईनें उरकीत असूं. जेथें ती विहीर आहे, तेथेंच चार वर्णांस चार दिशा नेमून पाषंड व चांडाल यांस श्मशानाच्या कडेस वस्ती दिली आहे. अवतरणें देणारे नेमकें हें गाळतात. गाळून जें उरतें तें नगर कौटिल्याचें नव्हे. चांडालांच्या विहिरीचा उल्लेख ग्रंथांत आहे, पण तो विनयाधिकारिकांत: परराज्यांतील मानी लोकांस फितविण्यासाठीं हेरानें योजावयाचा दृष्टांत म्हणून, कीं ती विहीर जशी चांडालांसच उपयोगी, तसा हा राजा नीचांसच.