'क्रिस्तुस व्हिव्हित' आणि शिबिरातील ताई

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २५ मार्च २०१९ रोजी लोरेतो येथे स्वाक्षरी केलेले 'क्रिस्तुस व्हिव्हित' हे युवाविषयक उद्बोधनपत्र आम्ही यंदा पुन्हा वाचले, ते किशोरवयीन मुलींच्या उन्हाळी शिबिराची तयारी करताना. २९९ परिच्छेदांच्या या पत्रात विस्तार बराच आहे, पुनरुक्तीही आहे. परंतु २४५ व २४६ हे परिच्छेद शिबिरात स्वेच्छेने ताई म्हणून येणाऱ्या तरुणींच्या हाती अवश्य द्यावेत.

सोबती कसा हवा, हे २०१८ मध्ये रोम येथे जमलेल्या युवकांनीच सांगितले होते: स्वतःच्या मर्यादा जाणणारा, मखरात न बसणारा, बरोबरीने चालणारा. हे काम केवळ धर्मगुरूंचे नव्हे, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. वर्णन उत्तम, तथापि ते वडीलधाऱ्याचे वाटते. आमच्या ताया वीस-बावीस वर्षांच्या. रात्री घर आठवून रडणाऱ्या मुलीशेजारी चटई ओढून बसणारी ताई स्वतःच अजून चाचपडत असते. तिला सोबत कोणाची? परिच्छेद २४५ या प्रश्नापाशी येतो, चर्चमध्ये पुढे उभ्या असलेल्या स्त्रिया फारशा दिसत नाहीत ही तरुणींची खंत नोंदवतो, आणि आमच्या मते फार लवकर पुढे सरकतो.

दोष केवळ पत्राचा नव्हे. गतवर्षी शिबिरातील पाचही व्याख्याने आम्हीच दिली. ताया हजेरी घेत होत्या, सरबत वाटत होत्या. मखर कोणाचे होते, हे वाचताना उमगले. यंदा आमच्याकडे एकच व्याख्यान आहे, तेही ताया सांगतील त्या विषयावर.