पन्नास, बावीस, चौदा

नवी गाडी घरी आली की थोड्याच दिवसांत कंपनीचा टेप काढून चांगला बसवायचा विचार डोक्यात घोळू लागतो. दुकानदार काउंटरवर चार-पाच खोकी मांडतो आणि आपलं लक्ष स्क्रीनच्या आकाराकडे, दिव्यांच्या रंगांकडे जातं. खरं वाचण्यासारखं असतं ते आतल्या माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानांवर, बारीक टायपात. हेड युनिटची, म्हणजे डॅशबोर्डमधल्या या टेपची, ती पानं मला मनापासून आवडतात, आणि ती सावकाश, अर्थ लावत वाचावीत असं मला वाटतं. पहिली सिस्टीम चांगली होणार की नाही, हे तिथेच कळतं.

वाचायला घेऊ या पायोनियरचं डीईएच-८०पीआरएस. २०१२ च्या सुमाराचं हे मॉडेल. उंची ५० मिलिमीटर आणि रुंदी १८०, म्हणजे सिंगल डिनचं ठरलेलं माप. सीडीची फट, लहानसा डिस्प्ले, एक गोल नॉब. व्हिडिओ नाही, नकाशा नाही. चेहरा पाहून कुणी थबकणार नाही.

खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक कंपन्यांच्या खोक्यांवर असतो तोच: ५० वॅट गुणिले ४. पण पायोनियरच्या कित्येक मॉडेलांच्या माहितीपुस्तकात पुढे आणखी दोन आकडे भेटतात, २२ आणि १४. यंत्र एकच, स्पीकर तेच, मग तीन आकडे का? गाडी चालू असताना बॅटरीच्या वायरवर साधारण १४.४ व्होल्ट असतात आणि दारातला स्पीकर बहुधा ४ ओहमचा असतो. १४.४ चा वर्ग करा, ४ ने भागा, ५१.८ येतात. खोक्यावरचे ५० वॅट ते हेच. मात्र लाट पुरती चौकोनी झाली, म्हणजे आवाज फाटायचा तेवढा फाटला, तरच एवढी शक्ती बाहेर पडते. गोलाई शाबूत असलेल्या लाटेला त्याच व्होल्टमधून त्याच्या निम्मीच, २६ वॅटच्या आतबाहेर शक्ती मिळू शकते. आतल्या सर्किटमध्ये जाते ती वजा केली की २२ उरतात, तेही ५ टक्के डिस्टॉर्शन चालवून घेतलं तर. डिस्टॉर्शन १ टक्क्याच्या आत हवं असेल, तर १४.

मला हा १४ फार मोलाचा वाटतो. शक्ती दुप्पट केली तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, त्यामुळे स्वच्छ १४ वॅटांत काचा बंद केलेल्या गाडीत दारांतले चांगले स्पीकर भरपूर वाजतात. माहितीपुस्तकात हा आकडा दिला आहे, तोही किती ओहमला आणि किती डिस्टॉर्शनला हे सांगून दिला आहे, यावरून बनवणाऱ्याने काम कोणत्या नजरेने केलंय ते समजतं. काही खोक्यांवर ५० शिवाय दुसरा आकडाच नसतो. तिथे मी थांबतो.

पुढची ओळ प्री-आउटची, म्हणजे वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरकडे सिग्नल नेणाऱ्या जोडण्यांची. ८०पीआरएसच्या पाठीमागे आरसीएच्या तीन जोड्या आहेत: पुढच्या स्पीकरसाठी, मागच्यांसाठी आणि सबवूफरसाठी. ज्याच्याकडे आज अ‍ॅम्प्लिफायरच नाही, त्याला ही ओळ निरुपयोगी वाटेल. पण बहुतेकांची सिस्टीम टप्प्याटप्प्यानेच वाढते. आधी हेड युनिट, मग पुढचे स्पीकर, वर्षभराने अ‍ॅम्प, मग सब. डॅशबोर्डपासून डिकीपर्यंत आरसीए केबल गाडीच्या वायरिंगशेजारून जाते आणि वाटेत खरखर गोळा करते. रेस दिली की चढत जाणारी ती अल्टरनेटरची शिट्टी एकदा ऐकली की कानातून जात नाही. हेड युनिटने २ ऐवजी ४ व्होल्ट पाठवले तर सिग्नल त्या खरखरीच्या ६ डेसिबल वर राहतो आणि अ‍ॅम्पचा गेन कमी ठेवता येतो. स्वस्त युनिटला बहुधा एकच जोडी असते. पुढे सब घेतला की ती त्यालाच जाते, आणि दारांसाठी अ‍ॅम्प घ्यायचा तर अडतं.

आता या पानावरची सगळ्यात सुंदर ओळ: टाइम अलाइनमेंट. आपण गाडीत मधोमध बसत नाही. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे उजव्या दारातला स्पीकर चालकाच्या कानापासून मीटरभरावर आणि डावा साधारण दीड मीटरवर. आवाज एका मिलिसेकंदाला ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे उजव्या बाजूचा स्वर दीडेक मिलिसेकंद आधी पोचतो, आणि तेवढ्या फरकानेही कान ठरवून टाकतो की गाणारा उजवीकडे आहे. बॅलन्स डावीकडे सरकवून हे पुरतं सुटत नाही, कारण तिथे बदलतो तो मोठेपणा. वेळ तीच राहते. ८०पीआरएस जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवून ठेवतं. सोबत आलेला मायक्रोफोन सीटच्या हेडरेस्टपाशी लावायचा, दारं-काचा बंद करून गाडीबाहेर थांबायचं. ते प्रत्येक स्पीकरमधून चाचणीचे आवाज काढतं, अंतरं मोजतं आणि सोळा पट्ट्यांचा इक्वलायझर डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळा लावून देतं.

याचा अनुभव घ्यायचा तर जुनं भावगीत लावावं. मोनोच्या काळातली ही ध्वनिमुद्रणं गाडीची खरी परीक्षा घेतात. दोन्ही स्पीकरना नेमका एकच आवाज जातो, म्हणजे गायिका एका बिंदूवर उभी राहायला हवी. टाइम अलाइनमेंट बंद असताना तो आवाज उजव्या दाराला, गुडघ्याजवळ चिकटलेला असतो. सुरू केली की तो दारातून सुटतो, वर येतो आणि काचेच्या मध्यावर जाऊन ठरतो. श्वास घेतल्याची जागासुद्धा कळते. मैफलीचं स्टिरिओ ध्वनिमुद्रण असेल तर गळा मध्ये राहून एका बाजूला तबला आणि दुसऱ्या बाजूला पेटी अशी बैठक मांडली जाते. स्पीकर तेच, वायर त्याच. एवढा बदल दुप्पट किमतीचे स्पीकर घालूनही होत नाही.

याच युनिटच्या अंगावर एक बारीक स्विच आहे, पातळ स्क्रूड्रायव्हरने सरकवायचा. त्याने ते नेटवर्क मोडमध्ये जातं आणि ट्वीटर, मिड, सब यांना आपापला हिस्सा वेगळा पाठवतं. पहिल्याच सिस्टीमसाठी त्याला हात लावू नये. क्रॉसओव्हर, म्हणजे स्वरांची ही वाटणी, चुकली तर ट्वीटर जळू शकतो. पण ती सोय तिथे आहे, वापरणारा तयार होईपर्यंत वाट बघत.

वायरींबद्दल थोडक्यात. पिवळी कायम बॅटरीवर, लाल चावीवर, काळी अर्थला, निळी-पांढरी अ‍ॅम्पला जागं करायला. पिवळी चुकून चावीवर गेली की गाडी बंद करताच सगळं सेटिंग पुसलं जातं. फिटरला कपलर लावूनच जोडायला सांगावं, गाडीची मूळ वायर कापू देऊ नये.

आज बहुतेकांना मोठा टचस्क्रीन हवा असतो, आणि फोन जोडून नकाशा बघण्यासाठी तो सोयीचाही आहे. पण तिथेही पान तेच वाचायचं. रॅम किती आणि स्क्रीन किती इंची हे विक्रेता स्वतःहून सांगेल. प्री-आउटच्या जोड्या किती, व्होल्ट किती, हायपास-लोपास फिल्टर आहेत का, टाइम अलाइनमेंट आहे का, हे आपण विचारायचं. पहिल्या सिस्टीमसाठी माझा कौल स्पष्ट आहे: पैसे मोजके असतील तर साधे स्पीकर घ्या, अ‍ॅम्प पुढच्या वर्षावर टाका, पण हेड युनिट तीन जोड्यांचं आणि टाइम अलाइनमेंटचंच घ्या. आणि पैसे देण्याआधी खोकं उघडून माहितीपुस्तक मागा.